कोकणातल्या छोट्या धावपट्टीवर ‘गगन’चा एलपीव्ही ॲप्रोच: काय लागतं आणि काम कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण कोकणात सड्यावर बांधलेली एक धावपट्टी, एटीआरसारखी छोटी पंख्याची विमानं येतात, आयएलएस (रेडिओ किरणांनी विमानाला दिशा आणि उतार दाखवणारी जमिनीवरची यंत्रणा) नाही, आणि जून-जुलैत खाली उतरलेल्या ढगांमुळे विमानं घिरट्या घालून परत जातात. तिथे उपग्रहावर आधारित ॲप्रोच (ढगातून धावपट्टीकडे उतरत येण्याची आखलेली वाट) सुरू करायचा तर काय लागेल, किती वेळ जाईल, आणि जिल्हा रुग्णालयाजवळच्या हेलिपॅडलाही तेच लागू पडेल का?

करता येईल. सिग्नल आजही तुमच्या डोक्यावर आहे आणि त्याला भाडं नाही. ‘गगन’ ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली यंत्रणा. देशभरातली १५ संदर्भ केंद्रं (त्यांतलं एक गोव्यात) जीपीएसच्या चुका मोजत असतात, बेंगळुरूत त्यावरून दुरुस्त्या निघतात आणि जीसॅट-८, जीसॅट-१० अशा भूस्थिर उपग्रहांवरून त्या विमानातल्या रिसीव्हरला मिळतात. डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) डिसेंबर २०१३ मध्ये ती मार्गक्रमणासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उताराच्या मार्गदर्शनासह ॲप्रोचसाठी प्रमाणित केली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोच्या एटीआरने याच सिग्नलवर उतरून दाखवलं. कोकणातून हे उपग्रह क्षितिजापासून साठ अंशांहून वर दिसतात, त्यामुळे सह्याद्री आड येईल ही भीती सोडून द्या.

थोडक्यात, आकाशातलं काम झालेलं आहे. मिनिमा (धावपट्टी न दिसता किती खाली येता येईल ती मर्यादा) किती मिळणार हे मात्र तुमची जमीन ठरवते: झाडं, दिवे, सर्वेक्षण आणि दाब मोजणारं यंत्र. घोडं पेंड खातं ते इथे.

उपग्रहावर आधारित अशा ॲप्रोचला आरएनपी ॲप्रोच म्हणतात. त्याच्या नकाशावर मिनिमाच्या तीन ओळी येऊ शकतात. पहिली एलनॅव्ह: यात उपग्रह फक्त डावं-उजवं सांगतो, खाली किती आणि कधी यायचं ते अल्टिमीटर आणि अंतर बघून पायलट ठरवतो. दुसरी एलनॅव्ह-व्हीनॅव्ह: इथे उतार विमानातला संगणक हवेच्या दाबावरून आखतो. तिसरी एलपीव्ही: दिशा आणि उतार दोन्ही गगनच्या दुरुस्त्यांवरून मिळतात, आणि पायलटसमोरच्या मार्गदर्शक सुईचा पल्ला आयएलएससारखाच जवळ येताना अरुंद होत जातो, थ्रेशोल्डवर (धावपट्टी जिथे सुरू होते त्या टोकाशी) मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १०५ मीटर.

फरक आकड्यात बघा. एलनॅव्हमध्ये शेवटच्या टप्प्यात खालच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर ७५ मीटर मोकळे ठेवावे लागतात, आणि ज्या पट्ट्यातले अडथळे मोजायचे तो मिस्ड ॲप्रोचच्या (धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जाण्याच्या) बिंदूपाशीसुद्धा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ०.९५ नॉटिकल मैल असतो. समजा मध्यरेषेपासून ७०० मीटर बाजूला थ्रेशोल्डपेक्षा ५० मीटर उंच टेकाड आहे आणि त्यावर ४० मीटरचा मोबाइल टॉवर. नव्वद अधिक पंचाहत्तर, १६५ मीटर. म्हणजे साडेपाचशे फुटांखाली उतरायची परवानगी नाही. एलपीव्हीचे पृष्ठभाग अरुंद असल्यामुळे तोच टॉवर बऱ्याचदा हिशेबातून बाहेर पडतो आणि डिसिजन हाइट (उतरायचं की वर जायचं हे पायलटने ठरवण्याची उंची) २५० ते ३०० फुटांवर येते. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या ढगांचा तळ दिवसचे दिवस नेमका या दोन आकड्यांच्या मधे रेंगाळतो, म्हणून हा खटाटोप करायचा.

इथे एक मोह टाळा. गगनवरून २५० च्याही खाली जाता येईल का, असा प्रश्न बैठकीत हटकून निघतो. २५० फुटांपर्यंतचा ॲप्रोच ‘टाइप ए’मध्ये बसतो आणि त्याला प्रिसिजन (जास्त अचूक उतरण्यासाठीच्या) धावपट्टीचे नियम लागत नाहीत. त्याखाली गेलात की दिवे, खुणा, अडथळ्यांचे पृष्ठभाग सगळंच कडक होतं. छोट्या विमानतळाने ५० फुटांच्या हव्यासापायी तो पसारा मांडू नये. मात्र आजवर धावपट्टी फक्त व्हिज्युअल (डोळ्यांनी बघून उतरण्याची) म्हणून नोंदलेली असेल तर एक खर्च टळणार नाही: अडीच किलोमीटरच्या धावपट्टीसाठी स्ट्रिपची (धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याची) रुंदी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ७५ मीटरवरून १४० मीटर करावी लागते. त्या पट्ट्यात जांभ्याचा कातळ उघडा पडलेला असेल, पावसाळी पाण्याचे चर असतील किंवा कुंपण असेल तर ते आधी बघा.

डिसिजन हाइट खाली आणण्याइतकंच महत्त्वाचं आहे समोर दिसणं, आणि हा हिशेब शाळेतल्या त्रिकोणाचा आहे. तीन अंशांच्या उतारावर विमान दर नॉटिकल मैलाला ३१८ फूट खाली येतं आणि थ्रेशोल्ड साधारण ५० फुटांवरून ओलांडतं. म्हणजे २५० फुटांवर असताना थ्रेशोल्ड अजून ११६५ मीटर पुढे आहे. ॲप्रोच लाइट (थ्रेशोल्डच्या अलीकडे लावलेली दिव्यांची रांग) नसतील तर तेवढं लांबचं दिसायला हवं. ४२० मीटरचे साधे ॲप्रोच लाइट लावले की पहिला दिवा साडेसातशे मीटरवर येतो. ९०० मीटरचे पूर्ण लावले तर २६५ मीटरवर. नियमांच्या तक्त्यात आकडे थोडे वेगळे आणि सावध असतात, पण त्यांच्यामागे गणित हेच. साडेपाचशे फुटांच्या एलनॅव्हवर हेच अंतर २.९ किलोमीटर भरतं. त्यामुळे कमी पैशात मिनिमा सुधारायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी एलपीव्ही, लगेच ४२० मीटरचे दिवे, बाकी सगळं नंतर. अडचण एवढीच की सडा बऱ्याचदा धावपट्टीच्या टोकाशीच संपतो आणि पुढे जमीन खाली घसरते. दिवे एका पातळीत ठेवायला तिथे खांब लागतात, तेही विमानाचा धक्का लागला तर मोडून पडतील असे. धावपट्टीची हद्द टोकापाशीच संपत असेल तर त्या खांबांखालची जमीनही घ्यावी लागते. ती कोणाची तरी काजूची बाग निघते आणि सात-बाऱ्यावर अकरा नावं असतात.

आता कोणतं टोक? सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळासारखी धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून, समुद्रावरून येणारा ॲप्रोच कागदावर सर्वांत स्वच्छ दिसतो, कारण खाली पाणी. म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा, म्हणजे विमानाला पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागतं आणि ते पूर्वेकडून, जमिनीवरून येतं. ज्या महिन्यांसाठी हा ॲप्रोच हवा त्या महिन्यांत समुद्राकडचा ॲप्रोच पाठवाऱ्यात पडतो, तोही ओल्या धावपट्टीवर. तेव्हा पूर्वेकडचा, म्हणजे धावपट्टी २७ चा, पहिला करा. त्याचा एक फायदाही आहे: मिस्ड ॲप्रोच सरळ समुद्रावर निघतो. उलट धावपट्टी ०९ चा मिस्ड ॲप्रोच सह्याद्रीच्या दिशेने जातो. किनाऱ्यापासून घाटमाथा जेमतेम ५० किलोमीटर आहे, म्हणून त्याला वेळेत वळण द्यावं लागतं आणि ते वळण नकाशावर ठळक हवं. समुद्राकडचं टोकही अगदी निर्धास्त नसतं. किनाऱ्यावर लावलेलं सुरूचं बन भराभर पंचवीस मीटरवर जातं, आणि ॲप्रोच खाडीच्या तोंडावरून येत असेल तर ट्रॉलरची डोलकाठीसुद्धा अडथळा म्हणून मोजावी लागते.

घाटाचा आणखी एक परिणाम. पारंपरिक नकाशात २५ नॉटिकल मैलांच्या वर्तुळाला, अधिक पाच मैलांच्या बफरला, एक किमान सुरक्षित उंची असते. चिपीच्या आसपास ते वर्तुळ घाटमाथ्याला शिवतं. समजा ९०० मीटरचा माथा आत आला. त्यावर किमान ३०० मीटर, डोंगराळ भाग धरला तर ६०० मीटर. म्हणजे चार ते पाच हजार फूट, समुद्रावर असतानासुद्धा. आरएनपीमध्ये टर्मिनल अरायव्हल अल्टिट्यूडचे (येताना पाळायच्या किमान उंचीचे) दिशेनुसार वेगळे भाग पाडता येतात: पूर्वेकडून येणाऱ्याला पाच हजार, समुद्रावरून येणाऱ्याला दोन हजार. मुंबईहून किनाऱ्याने येणारं एटीआर मग उगाच उंच राहून शेवटी घाईने उतरत नाही.

आता झाडं. कोकणात हाच विषय सर्वांत जास्त वेळ खातो. सरळ येणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंट ॲप्रोचला एक व्हिज्युअल सेगमेंट सरफेस असतो. तो थ्रेशोल्डच्या ६० मीटर अलीकडून सुरू होतो आणि ॲप्रोचच्या कोनापेक्षा १.१२ अंश कमी कोनात चढत जातो. तीन अंशांसाठी तो १.८८ अंश, म्हणजे दर शंभर मीटरला ३.२८ मीटर. थ्रेशोल्डपासून ८०० मीटरवर माड आहे असं धरा. पृष्ठभागाची उंची तिथे ७४० गुणिले ०.०३२८, साधारण २४ मीटर. माडाखालची जमीन थ्रेशोल्डपेक्षा ६ मीटर उंच आणि माड २० मीटरचा, म्हणजे शेंडा २६ वर. दोन मीटरने आत घुसला.

मार्ग तीन आहेत. माड तोडा, म्हणजे मालकाची संमती आणि भरपाई आली. थ्रेशोल्ड पुढे सरकवा, म्हणजे उतरायची लांबी घटली. किंवा उतार ३.५ अंश करा: मग पृष्ठभाग २.३८ अंशांचा होतो, त्याच जागी उंची जवळजवळ ३१ मीटर भरते आणि माड सुटतो. पण १२० नॉटच्या वेगाला खाली येण्याचा दर मिनिटाला ६३५ फुटांवरून ७४० वर जातो, पॅपी (उतार बरोबर आहे का ते लाल-पांढऱ्या रंगाने दाखवणारे दिवे) हेही ३.५ वर लावावे लागतात, आणि ओल्या धावपट्टीवर तीव्र उताराने आलेलं विमान तरंगत पुढे जाण्याची शक्यता वाढते. एखाद-दोन माडांसाठी कोन वाढवू नये. पंचवीस-तीस झाडांची आमराई असेल आणि मालक ऐकत नसेल तर विचार करावा. आणि आज शेंडा पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असेल तर ‘बसतंय’ म्हणून सोडू नका. झाड वाढतं, पृष्ठभाग वाढत नाही. दरवर्षी पाऊस संपल्यावर त्या पट्ट्यातल्या झाडांची उंची मोजण्याचं काम कोणाच्या तरी नावावर लेखी टाका.

सर्वेक्षण करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे निर्देशांकांचा पाया. जुन्या स्थलदर्शक नकाशांचे निर्देशांक एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती रूपावर) आहेत, विमानाला जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावरचे लागतात. आपल्या भागात दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. टॉवरचा निर्देशांक जुन्या फाइलीतून आणि धावपट्टीचा नव्या मोजणीतून घेतला तर टॉवर चुकीच्या ठिकाणी बसतो.

दुसरी जास्त फसवी आहे. एलपीव्हीमध्ये थ्रेशोल्डची उंची समुद्रसपाटीपासून द्यायची नसते, डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलापासून द्यायची असते. कोकण किनाऱ्यावर समुद्रसपाटी या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे समुद्रसपाटीपासून १० मीटरवरच्या धावपट्टीची लंबगोलीय उंची उणे पन्नाशीत येते. उणे चिन्ह बघून कोणाला तरी ती छपाईची चूक वाटते आणि तो ते काढून टाकतो. किंवा समुद्रसपाटीचीच उंची भरतो, मग उताराची सगळी रेषा साठ मीटर वर उचलली जाते आणि विमान थ्रेशोल्ड ५० फुटांऐवजी अडीचशे फुटांवरून ओलांडू पाहतं. सर्वेक्षकाकडून दोन्ही उंच्या आणि त्यांतला फरक अशा तीन आकड्यांची मागणी करा. बेरीज जुळते का ते तुम्हीही कागदावर बघू शकता.

हा आकडा पुढे जिथे जातो त्याला फायनल ॲप्रोच सेगमेंट डेटा ब्लॉक म्हणतात. अवघे ४० बाइट. थ्रेशोल्डचे अक्षांश-रेखांश ०.०००५ सेकंदापर्यंत, म्हणजे दीड सेंटिमीटर, उंची ०.१ मीटरपर्यंत, उताराचा कोन, थ्रेशोल्ड ओलांडायची उंची, सुईची रुंदी, इशाऱ्याच्या मर्यादा (स्थानाची संभाव्य चूक जास्तीत जास्त किती चालेल ते: आडवी ४० मीटर, उभी ५० मीटर, २०० फुटांच्या एलपीव्हीला उभी ३५), आणि शेवटी सगळ्यावर शिक्का म्हणून ३२ बिटांचा सीआरसी. एक अंकही बदलला तरी सीआरसी जुळत नाही आणि रिसीव्हर तो ॲप्रोच घेतच नाही. यात सेवा पुरवठादाराचा एक अंक असतो: ‘वास’ या अमेरिकेच्या अशाच यंत्रणेला ०, युरोपच्या ‘एग्नॉस’ला १, गगनला ३. दुसऱ्या देशाचा नमुना उतरवून घेताना हा अंक तसाच राहिला तर बाकी सगळं बरोबर असूनही एलपीव्ही उघडत नाही. धावपट्टीचं नूतनीकरण करताना थ्रेशोल्ड काही मीटर सरकवला आणि ब्लॉक जुनाच ठेवला, हीसुद्धा नेहमीची गफलत. सीआरसी ती पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आकडे जसेच्या तसे आहेत.

हवेच्या दाबाकडे दुर्लक्ष करू नका. एलनॅव्ह-व्हीनॅव्हचा उतार क्यूएनएचवर, म्हणजे अल्टिमीटरमध्ये भरायच्या समुद्रसपाटीच्या स्थानिक दाबावर, उभा असतो. दर हेक्टोपास्कलच्या चुकीला साधारण २८ फूट. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका ए-३२० ला १००१ ऐवजी १०११ हे क्यूएनएच सांगितलं गेलं. पायलटच्या पडद्यावर सगळं जागेवर होतं, विमान मात्र २८० फूट खाली होतं आणि धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून ६ फुटांवर आलं. ते वर उचललं गेलं म्हणून वाचलं. एलपीव्हीचा उतार दाबावर चालत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण डिसिजन हाइट अल्टिमीटरवरच वाचायची असते, त्यामुळे स्थानिक क्यूएनएच लागतंच. ते नसेल तर शेजारच्या विमानतळाचं घेता येतं, पण पहिले ९ किलोमीटर सोडून पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ०.८ मीटर मिनिमात वाढवावे लागतात. चिपीला गोव्यातल्या मोपा विमानतळाचं क्यूएनएच वापरलं तर हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे २९ मीटर, जवळजवळ ९५ फूट. शिवाय परक्या क्यूएनएचवर एलनॅव्ह-व्हीनॅव्ह ओळ बंदच. एक चांगलं हवामान केंद्र आणि ढगांचा तळ मोजणारं सिलोमीटर बसवणं हा म्हणूनच सर्वांत किफायतशीर खर्च.

व्हीनॅव्हचं आणखी एक कोकणी दुखणं म्हणजे उकाडा. थंडीत दाबावरचा उतार प्रत्यक्षात आखल्यापेक्षा सपाट होतो, म्हणून पुस्तकं थंडीचा इशारा देतात. आपल्याकडे उलटं. ३३ अंश तापमानात तीन अंशांचा उतार प्रत्यक्षात ३.१९ अंश होतो आणि ढगातून बाहेर पडल्यावर पॅपीवर दोन पांढरे-दोन लाल दिसायच्या ऐवजी तीन पांढरे दिसतात. पॅपी बिघडलेले नसतात. वैमानिकांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पॅपीबद्दल तक्रारी सुरू होतात.

आयएलएसच का नको, हेही अनेक जण विचारतात. ग्लाइडपाथचा नेहमीचा अँटेना आपला किरण पुढच्या जमिनीवरून परावर्तित करून घडवतो. त्याला समोर काही शे मीटर सपाट जमीन हवी. सड्याची कड मधेच तुटली की किरण वेडावाकडा होतो. वेगळ्या प्रकारचे अँटेना आहेत, पण ते महाग. शिवाय मे महिन्यातल्या विजा, खारी हवा, चोवीस तासांची देखभाल आणि ठरावीक मुदतीने उड्डाण तपासणी. दिवसाला दोन-चार विमानांसाठी हा संसार परवडत नाही. अमेरिकेत एलपीव्ही ॲप्रोचची संख्या चार हजारांच्या पुढे आहे आणि आयएलएसहून जास्त आहे, त्याचं कारण हेच.

गगनच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भारताचा दक्षिण भाग चुंबकीय विषुववृत्ताजवळ येतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि सूर्य तापलेला असतो त्या वर्षांत, आयनांबरात उलथापालथ होऊन सिग्नल लुकलुकतो. रिसीव्हरला इशाऱ्याची मर्यादा पाळता येत नाही असं वाटलं की तो एलपीव्ही सोडतो आणि एलनॅव्हवर येतो. म्हणून एलनॅव्हची ओळ त्याच नकाशावर असायलाच हवी, आणि इंधनाचा हिशेब संध्याकाळी तिच्यावर करायचा. जीपीएस जॅमिंग आणि बनावट सिग्नल हा आता कागदावरचा धोका राहिलेला नाही, त्यामुळे एखादा डीव्हीओआर (जमिनीवरचं दिशादर्शक रेडिओ यंत्र) चालू असेल तर ‘आता उपग्रह आहे’ म्हणून तो काढून टाकू नका. आणि सर कोसळते तेव्हा, म्हणजे दृश्यता पाचशे मीटरवर येते तेव्हा, एलपीव्हीचा काही उपयोग नाही. विमान परत जाईल, ते बरोबरच आहे.

कामाचा क्रम असा धरा. आधी मागच्या दोन-तीन पावसाळ्यांच्या तासागणिक हवामान नोंदी काढून किती तास ढगांचा तळ २५० ते ५५० फुटांमध्ये होता ते मोजा. तळ धावपट्टीपासून मोजलेला हवा. किनाऱ्यावरच्या वेधशाळेचा आकडा घेतला तर सड्याची उंची वजा करा. मग दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, अडथळ्यांचं सर्वेक्षण. त्यानंतर मान्यताप्राप्त प्रोसिजर डिझायनरचं आरेखन, जमिनीवरची तपासणी, सिम्युलेटर, आणि प्रत्यक्ष उड्डाण पडताळणी. ही पडताळणी स्वच्छ हवेत, दिवसा करायची असते, म्हणून ती मेच्या मध्यापर्यंत उरकली नाही तर थेट ऑक्टोबरवर जाते. कोकणातले प्रकल्प इथेच वर्ष गमावतात. पुढे डीजीसीएची मंजुरी आणि एआयपीमध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात) प्रसिद्धी. तारखा त्या माहितीतल्या बदलांच्या, म्हणजे एआयरॅकच्या, २८ दिवसांच्या चक्रात बसवाव्या लागतात आणि प्रसिद्धी अमलात येण्याच्या ४२ दिवस आधी निघायला हवी, म्हणजे विमानांच्या डेटाबेसमध्ये भरायला वेळ मिळतो. एक ते दीड वर्ष धरा. यंदाच्या जूनमध्ये सुरू होईल असं कोणी जाहीर केलं तर विश्वास ठेवू नका. दर पाच वर्षांनी संपूर्ण आढावा घ्यावा लागतो, तोही खर्च आजच लिहून ठेवा.

हेलिपॅडचं प्रकरण वेगळं आहे. तिथे पॉइंट-इन-स्पेस पद्धत असते: ॲप्रोच धावपट्टीवर संपत नाही, हवेतल्या एका बिंदूवर संपतो आणि तिथून पुढे पायलट डोळ्यांनी जातो. नकाशाच्या नावात धावपट्टी नसते, शेवटच्या दिशेचे अंश असतात. हेलिपॅड स्वतः इन्स्ट्रुमेंट दर्जाचं असण्याची गरज नाही, हीच सोय. जून २०२३ मध्ये जुहूहून पुण्याला पवनहंसच्या हेलिकॉप्टरने गगनवर आधारित असं उड्डाण करून दाखवलं आहे, म्हणजे घाट ओलांडण्याचा नमुनाही आपल्याकडे आहे. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पाच-सहा हजार फुटांवरून घाट ओलांडताना बर्फ साचण्याची चिंता नाही.

त्या बिंदूपासून पुढचा टप्पा दोन प्रकारचा असतो. ‘प्रोसीड व्हिज्युअली’मध्ये हेलिपॅड किंवा त्याची ठरलेली खूण दिसली की पुढे जायचं, त्या वाटेचे अडथळे मोजून संरक्षित केलेले असतात. ‘प्रोसीड व्हीएफआर’मध्ये ते संरक्षण नाही, बिंदूवर पोचेपर्यंत व्हीएफआरएवढी (डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांएवढी) दृश्यता मिळाली तरच पुढे, आणि तारा-टॉवर बघण्याची जबाबदारी पायलटची. रुग्णालयासाठी पहिला प्रकारच घ्या. पाण्याची टाकी, ११ केव्हीच्या तारा आणि नवा बांधलेला जिना यांची मोजणी त्यासाठी करावी लागेल, ती करा.

बिंदू हेलिपॅडच्या अगदी जवळ आणा, असा आग्रह होतो. हिशेब करा: ७० नॉटला हेलिकॉप्टर सेकंदाला ३६ मीटर जातं. बिंदू एक किलोमीटरवर असेल तर पायलटला २८ सेकंद मिळतात. एवढ्यात ढगाबाहेर आल्यावर हेलिपॅड ओळखायचं, तीनशे फूट उतरायचं आणि वेग शून्यावर आणायचा. १५ नॉट पाठवारा असेल तर २३ सेकंद. म्हणून ॲप्रोचची दिशा पावसाळी वाऱ्यावरून ठरवा, आणि मासळी उतरवायच्या जेटीवरून ती जाऊ देऊ नका. तिथे घारींचे थवे असतात. निघण्याची प्रोसिजरही त्याच वेळी करून घ्या. रुग्णाला घ्यायला आलेलं हेलिकॉप्टर ढग उतरल्यावर अडकून पडलं तर येण्याच्या सोयीला अर्थ नाही, आणि नेमकी हीच गोष्ट निविदेत राहून जाते. क्यूएनएचचा नियम इथेही तोच, रुग्णालयाच्या गच्चीवर दाबमापक यंत्र लागेल.

हे सगळं सुरू करण्याआधी तुमच्याकडे येणाऱ्या विमान आणि हेलिकॉप्टर कंपन्यांना एक पत्र पाठवा आणि उत्तर लेखी मागा. ताफ्यातल्या कोणत्या नोंदणी क्रमांकांवर एसबीएएस (गगनसारख्या दुरुस्त्या घेणारा) रिसीव्हर बसवलेला आणि एलपीव्हीसाठी मंजूर आहे. नसेल तर व्हीनॅव्ह आहे का. किती वैमानिकांचं आरएनपी ॲप्रोचचं प्रशिक्षण झालेलं आहे. हेलिकॉप्टर आयएफआरला (ढगातून उपकरणांवर उडण्याला) प्रमाणित आहे का. भाड्याने मिळणारी बरीच हेलिकॉप्टरं फक्त व्हीएफआरवर उडतात, त्यांना पॉइंट-इन-स्पेस नकाशाचा काही उपयोग नाही. उत्तरात एलपीव्हीचं एकही विमान नसेल तर आधी एलनॅव्ह आणि एलनॅव्ह-व्हीनॅव्ह प्रसिद्ध करा, पण सर्वेक्षण एलपीव्हीच्या अचूकतेने करून ठेवा, म्हणजे रिसीव्हर असलेलं पहिलं विमान आलं की पुन्हा माडांपासून सुरुवात करावी लागणार नाही.